उन्हाळा लागला की कोरल मिटतं: खाऱ्या टाकीची तपासणी, फुकटापासून महागापर्यंत

मार्च संपत आला की माझ्या फोनवर एकाच जातीचे फोटो यायला लागतात. टाकीचं पाणी काचेसारखं, मासे मजेत, आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, मात्र मूठ आवळून बसलेलं. खाली ठरलेला मजकूर: "भाऊ, कालपर्यंत मस्त फुललं होतं, आज काय झालं?"

दर्यापूर तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. समुद्र इथून सहाशे किलोमीटर. घरी शंभर लिटरची खारी टाकी, म्हणजे समुद्री मासे आणि कोरलची काचेची टाकी, लावून सात उन्हाळे झाले. माझी स्वतःची, एका डेंटिस्टच्या वेटिंग रूममधली, अकोटच्या एका कापड दुकानातली, एका सरांच्या घरची, अशा टाक्यांचं हे एकच दुखणं इतक्यांदा निस्तरलं की आता फोटो बघायच्या आधीच मी विचारतो, "पाणी किती आटलं?" निम्म्याहून जास्त वेळा गोष्ट तिथंच संपते.

आधी लक्षणं

झोआ, मशरूम, लेदर, झेनिया ही कोरलांच्या जातींची नावं. झोआ म्हणजे बटणांची चटई. ती फुलायची सोडून सगळी बटणं घट्ट लागलेली दिसतात. बशीएवढं मशरूम आकसून सुपारीएवढं होतं, कडा वर वळतात, कधी दगड सोडून कोपऱ्यात जाऊन पडतं. लेदरची टोपी झुकते आणि अंगावरचे केस आत जातात. झेनियाची उघडझाप थांबते आणि दोन दिवसांत ते शेंबडासारखं विरघळायला लागतं. तपकिरी-हिरवा रंग फिका पडत पडत पांढऱ्यावर येतो. दगडावर तपकिरी साय धरते. मासे ठीक, पण कोळंबी मेलेली आणि गोगलगाई उताण्या. किंवा उलट, मासेच वर येऊन धापा टाकतात.

हे सगळं एका रोगाचं नाही, म्हणून आधी एवढंच बघा: सगळी कोरलं एकाच वेळी मिटली की एकच? सगळी एकदम मिटली तर दोष पाण्यात किंवा विजेत. एकच मिटलं तर दोष त्याच्या जागेत, शेजाऱ्यात, किंवा दोष नाहीच. ही पाटी मी दुकानातल्या बोर्डाशेजारी लिहून ठेवलीय, कारण मोटरचंही तसंच असतं. गावातल्या सगळ्या मोटरी एकाच दिवशी जळल्या तर मोटरी उघडायच्या नसतात, लाइन बघायची असते.

एक खुलासा करून पुढे जातो. हे सगळं मऊ कोरलांबद्दल आहे: झोआ, मशरूम, लेदर, झेनिया. दगडी सांगाड्याची सगळी कोरलं, काळं कोरल, समुद्रपंखे हे आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात, म्हणजे वाघाच्या ओळीत. ती विकणं, विकत घेणं, घरी ठेवणं गुन्हा आहे, वाळका सांगाडासुद्धा. कुणी "लाइव्ह रॉक" म्हणून कोरलचा तुकडा पाठवत असेल तर घेऊ नका. माझ्या टाकीत सगळे सिरॅमिकचे दगड आहेत. वर्षभरात त्यावर इतकं उगवतं की ओळखू येत नाहीत.

पहिली तपासणी: हात मागे बांधून बघणे

एकटं लेदर मिटलंय, अंगावर मेणाचा हात फिरवल्यासारखी चकाकी आहे, बाकी सगळं फुललेलं आहे? मग काही करू नका. ते कात टाकतंय. चार दिवस, कधी आठ-दहा दिवस असं बसतं, मग पातळ पापुद्रा सुटतो आणि आतून आधीपेक्षा टवटवीत निघतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घाबरून त्याची जागा तीनदा बदलली, आयोडीनचे थेंब टाकले आणि एका दुकानदाराने फोनवर सांगितलेल्या तीन बाटल्या मागवल्या. लेदर ठरल्या वेळी कात टाकून मोकळं झालं. तीन बाटल्यांचं शेवाळ मात्र दोन महिने घासत बसलो.

म्हणून पाणी मोजल्याशिवाय टाकीत काहीही ओतायचं नाही. टॉनिक नाही, आयोडीन नाही, "कोरल फूड" तर नाहीच.

दुसरी: पाण्याची रेघ

टाकी भरली त्या दिवशी काचेवर मार्करने रेघ मारली होती का? नसेल तर आज मारा. तीच सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी असते. वर पंखा लावलेला असेल तर माझ्या टाकीतून दिवसाला तीन ते साडेतीन लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी. मीठ मागे राहतं. शंभर लिटरला ३५ ग्रॅम प्रतिलिटर हा समुद्राचा हिशोब धरला आणि तीन दिवसांत साडेदहा लिटर उडालं, तर खारटपणा ३९ च्या वर जातो. माशाला ते काही दिवस निभावतं. त्याची किडनी आणि गलफडं मीठ बाहेर टाकत राहतात. कोरलकडे तसली सोय नाही. ते सरळ आपल्या अंगातलं पाणी सोडतं आणि आकसतं. म्हणून मासे मजेत आणि कोरल मिटलेलं.

पहिल्या वर्षी परतवाड्याला मामेबहिणीच्या लग्नाला तीन दिवस गेलो आणि हेच झालं. दुसऱ्या वर्षी शहाणपणा केला. भाच्याला घरी बसवलं आणि बजावलं, रेघेपर्यंत पाणी टाकत जा. आलो तर पाणी बरोबर रेघेवर. मी खूश. आठवडाभरात दगडांवर तपकिरी साय, झोआ बंद, नायट्रेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमवरून पंचविसावर. भाच्याला विचारलं, कोणतं पाणी टाकलंस?

"मामा, खाऱ्या टाकीत खारंच पानी टाकलं नं मी. आपल्या विहिरीचं."

त्याचं काही चुकलं नाही म्हणा. आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या दोन्ही अंगाला, अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. टाकी लावली तेव्हा वडीलही तेच म्हणाले होते, "घरची विहीर खारी असून तू मीठ इकत आनतं काय रे?" पण आमच्या विहिरीचा टीडीएस २८०० आहे, म्हणजे लिटरमागे पावणेतीन ग्रॅम क्षार. समुद्राच्या पाण्यात त्याच्या बारापट. शिवाय हा खार वेगळा. समुद्रात लिटरमागे साधारण १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० च्या वर कॅल्शियम ठरलेल्या प्रमाणात असतं. आपल्या विहिरीत काळ्या मातीतून झिरपलेला सोडा, सिलिका आणि वर शेतातल्या युरियाचं नायट्रेट. तपकिरी साय ती याच सिलिका आणि नायट्रेटवर पोसते.

तर पाणी आटलं की भरायचं ते फक्त बिनमिठाचं, शुद्ध. रोज, थोडं थोडं, एकाच वेळेला. मी सकाळी अंघोळीआधी टाकतो. सुट्टीवर जायचं असेल तर फ्लोट व्हॉल्व्हचा डबा लावतो. कूलरमधला बॉल व्हॉल्व्ह असतो ना, तसलाच, फक्त पितळी दांडीचा नको, प्लास्टिकचा. पितळेत तांबं असतं, आणि तांबं कोळंबी-कोरलला विष. ते पुढे येईलच.

आटलेलं पाणी एका दमात भरू नका. खारटपणा घनतेच्या आकड्यात १.०२९ वर (म्हणजे लिटरमागे ३९ ग्रॅमच्या आसपास) गेला असेल तर १.०२५ वर यायला दोन-तीन दिवस घ्या. कोरलने चढत्या खारटपणाशी अंग जुळवायला तीन दिवस घेतलेत. एका तासात उतरवलंत तर दुसरा धक्का बसतो, आणि बऱ्याचदा तोच मारतो.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (काचेवर थेंब टाकून खारटपणा वाचायचं यंत्र) घ्या, एकदाच खर्च. वाचन १.०२५ ते १.०२६ हवं. पण आपल्याकडची एक मेख लक्षात ठेवा: स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरची तापमान-दुरुस्ती साधारण १० ते ३० अंशांपुरती असते. मे महिन्यात दुपारी ३९ अंशांच्या खोलीत मोजलं तर आकडा खोटा येणार. पहाटे मोजा, थेंब काचेवर टाकून अर्धा मिनिट थांबा, आणि महिन्यातून एकदा ३५ च्या कॅलिब्रेशन द्रवाने तपासा. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवलं म्हणजे वरचा आकडा खरा येतो असं नाही.

रिफ्रॅक्टोमीटर येईपर्यंत अडलंच तर गावच्या दूध संकलन केंद्रातून लॅक्टोमीटर मागून आणा. तो घनता मोजतो, त्याचा २६ म्हणजे १.०२६. खाऱ्या टाकीत तो २६ च्या आसपास तरंगायला हवा. ढोबळ अंदाज आहे, त्यावर औषधपाणी करू नका, पण ३० दाखवत असेल तर पाणी आटलंय हे नक्की. आमच्या केंद्रावरच्या काकांनी टाकीत बुडवून बघितला आणि म्हणाले, "इतकं तं आमचं दूधही लागत नाही आजकाल."

तिसरी: थर्मामीटर

उन्हाळ्यात हीटरची पिन काढून ठेवा. थर्मोस्टॅट चिकटून मे महिन्यात हीटर चालू राहिलेल्या दोन टाक्या मी पाहिल्यात.

२५-२६ अंश उत्तम. २९ च्या वर रोज जात असेल तर हालचाल करा. ३१ म्हणजे आणीबाणी. कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याचं निम्म्याहून जास्त जेवण तेच बनवतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ आतून विषारी ऑक्सिजन सोडायला लागतं आणि कोरल त्याला बाहेर काढतं. रंग जातो तो त्यामुळे. समुद्रातही हेच होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली, आणि त्याच एप्रिलमध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या पांढरेपणाची घोषणा झाली. तेव्हा तुमच्या टाकीतलं पांढरं मशरूम मेलंय असं समजून काढून फेकू नका. काही आठवडे ते उपाशी तग धरतं. पाणी थंड करा, दिवा निम्म्यावर आणा, बारीक खाऊ द्या. माझं एक हिरवं मशरूम जूनमध्ये कागदासारखं पांढरं होतं, दिवाळीला पुन्हा हिरवं.

थंड करायला आपल्या भागात पंख्यासारखं स्वस्त काही नाही. कॉम्प्युटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे पाण्यावर तिरपे लावा, झाकण काढा. ज्या कोरडेपणाने पाणी आटतं त्याच कोरडेपणाने ते गारही होतं. कूलर आणि माठ याच तत्त्वावर चालतात. दोन ते चार अंश उतरतात. तातडीला बर्फाची बाटली: एक लिटरची बंद बाटली गोठवून पाण्यात तरंगत सोडली तर शंभर लिटर पाणी साधारण एका अंशाने उतरतं. एक लिटर पाणी उडून जाताना अशा पाच बाटल्यांइतकी उष्णता घेऊन जातं, यावरून पंख्याची किंमत कळावी. बर्फाचे खडे मात्र टाकीत टाकू नका. तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरवू नका.

पंख्याची मात्रा जुलैत चालत नाही. पावसाळी हवेत पाणी उडतच नाही, म्हणून पंखा फिरतो आणि पाणी २९ वरच राहतं. लोक म्हणतात पंखा बिघडला. पंखा ठीक आहे, हवा ओली आहे. तेव्हा दिवा रात्रीच्या वेळेला चालवा आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

चौथी: काय फवारलं, कशाला हात लावला

हा नुसता प्रश्न आहे, फुकट आहे, आणि कापसाच्या मुलखात सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

मासे ठीक, पण कोळंबी मेली आणि गोगलगाई उताण्या पडल्या तर माझा पहिला संशय कीटकनाशकावर, दुसरा तांब्यावर. कोळंबी आणि बोंडअळी ही लांबची भावंडंच. सायपरमेथ्रिन अळीला मारतं ते कोळंबीलाही मारतं, आणि तिला त्याहून किती तरी कमी पुरतं. फवारणी करून आलेल्या माणसाचा हात साबणाने धुतला तरी लगेच टाकीत घालू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून माणसं दगावली तेव्हापासून फवारताना हातमोजे घालणारे आमच्याकडे थोडे तरी वाढलेत, पण फवारणीचा शर्ट अंगणातच काढायची सवय अजून नाही.

घरातलंही बघा. मच्छर मारायचं लिक्विड मशीन त्याच खोलीत आहे का? हवेचा पंप बाहेरची हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे मशीनची वाफही सोडतो. झुरळांचा स्प्रे मारला का? कूलरच्या पाण्यात वासाची बाटली किंवा डासांसाठी रॉकेल टाकलंय का? त्या कापड दुकानात दर सोमवारी कोरल मिटायचं. रविवारी दुकान बंद, आणि शेठ जाताना सगळीकडे वाळवीचं औषध मारून जायचे. तीन आठवडे मी पाणी तपासत बसलो होतो. शेवटी झाडू मारणाऱ्या मावशींनी सांगितलं.

तांब्याचा गुन्हेगार माझ्या घरी मी स्वतः होतो. दिवसभर वाइंडिंगची तार हाताळायची, हाताला व्हार्निश, आणि संध्याकाळी त्याच हाताने दगड सरकवायचा. आता कोपरापर्यंतचे हातमोजे टाकीशेजारी टांगलेत. माशांची पांढऱ्या ठिपक्यांची बरीच औषधंही तांब्याचीच असतात. ती या टाकीत कधीच नको. एसीतून गळणारं पाणी "डिस्टिल्ड" म्हणून भरणारे भेटतात, ते तांब्याच्या कॉइलवरूनच येतं.

काही शिरलंय अशी शंका असेल तर कार्बनची, म्हणजे विष शोषणाऱ्या कोळशाची, पिशवी लावा आणि पंचवीस टक्के पाणी बदला, दोन दिवसांनी पुन्हा. कार्बन स्वस्त आहे. लेदर आणि झोआ एकमेकांवर पाण्यातून विष सोडतात, तेही तोच शोषतो. एकच कोरल मिटलंय आणि शेजारी मोठं लेदर आहे, तर उत्तर बहुधा हेच.

पाचवी: प्रवाह, म्हणजे व्होल्टेज

वेव्हमेकर, म्हणजे टाकीत पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप, आवाज करतोय म्हणजे तो फिरतोय असं नाही. प्रवाहाजवळ चिमूटभर खाऊ सोडा आणि तो कुठे जातो बघा. जागच्या जागी घिरट्या घालत खाली बसला तर पाणी मेलेलं आहे. कोरलला प्रवाह लागतो तो खाणं यायला आणि अंगावरचा चिकटा वाहून जायला. तो साचला की त्याखाली सडतं.

वेव्हमेकर काढा, रोटर ओढून बघा. त्यावर चुन्याचा पांढरा थर बसलेला असतो. अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, धुवा. दहापैकी चार पंप "जळाला" म्हणून माझ्याकडे येतात ते एवढ्यानेच चालू होतात. मी त्याचे पैसेही घेत नाही, चहा घेतो.

साफ करूनही थांबत असेल तर संध्याकाळी सात वाजता सॉकेटला मल्टिमीटर लावा. गावात १६५-१७० व्होल्ट येत असतील तर छोटा एसी पंप उठतच नाही, नुसता गुणगुणतो आणि तापतो, आणि ती उष्णता पाण्यात जाते. अॅडॉप्टरवर चालणारा डीसी वेव्हमेकर कमी व्होल्टेजवरही नीट फिरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप असाच गुरगुरतो. त्याला साइन वेव्हच लागतो.

लाइट गेली तर आधी वेव्हमेकर किंवा बॅटरीचा हवेचा पंप जगवा. दिवा दोन दिवस नसला तरी कोरल मरत नाही. हलतं पाणी नसेल तर उन्हाळ्याच्या रात्री काही तासांत मासे वर येतात, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरतो.

सहावी: दिवा

थोडक्यात. नवा एलईडी लावलाय आणि वरच्या बाजूची कोरलं फिकी पडताहेत? तीव्रता निम्म्यावर आणा, तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. जुना दिवा असेल तर काचेवरची मिठाची साय पुसा. दिवसाला आठ-नऊ तास पुरे. खिडकीतून टाकीवर ऊन येत असेल तर पडदा लावा.

सातवी: टेस्ट किट आणि आरओ

इथपासून पैसे लागतात. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये: अमोनिया शून्य, नायट्रेट पाच ते वीस, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ७ ते ९ डीकेएच (किटवरचं तिचं माप). यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्य आलं तर आनंद मानू नका, कोरल उपाशी आहे. आकडा बाहेर असेल तर एकच गोष्ट बदला आणि चार दिवस थांबा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते पुढच्या उन्हाळ्यात आठवत नाही.

भरायच्या पाण्याचा टीडीएस मोजा. तो टीडीएस मीटर टाकीच्या खाऱ्या पाण्यात घालू नका, तिथं तो निरुपयोगी. घरच्या आरओतून आमच्याकडे ९०-१२० येतं, कारण मशीनमध्ये चव राहावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू असतो. वीस लिटरच्या जारचं पाणीही असंच, आज ४०, उद्या १४०. टाकीसाठी वेगळी मेंब्रेन आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा, आकडा शून्य यायला हवा. खारपाणपट्ट्यात मेंब्रेन लवकर बसते आणि रेझिन त्याहून लवकर, तेव्हा मेंब्रेनच्या आधीची गाळणी बदलत राहा. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका, दुप्पट खारट असतं. आईचं जास्वंद त्यातच गेलं. त्याने आम्ही अंगण धुतो.

आठवी: किडे

फक्त झोआ मिटतात, बाकी सगळं ठीक, आणि वरच्या सातांत काही सापडलं नाही, तर रात्री टॉर्च घेऊन बसा. झोआ खाणारी बारीक समुद्री गोगलगाय झोआच्याच रंगाची होते, दिवसा दिसत नाही. दगड बाहेर काढून कोरल डिपमध्ये (किडे मारायच्या द्रावणात) बुडवावा लागतो, अंडी मरत नाहीत म्हणून आठवड्याने पुन्हा.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरात. झोआ आणि त्याच्या भावकीत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. हातमोजे आणि चश्मा घातल्याशिवाय दगड घासायचा नाही. हाताला चीर असेल तर त्या दिवशी काम नाही. आणि दगड "साफ करायला" उकळत्या पाण्यात कधीही टाकायचा नाही. वाफेतून विष फुप्फुसात जातं, आणि नुसत्या एवढ्याने घरातली सगळी माणसं दवाखान्यात गेल्याचे प्रकार परदेशात झालेत.

इथे थांबा

तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव, धाप, थंडी वाजून ताप, अंगदुखी, हात बधिर, हे झोआ हाताळल्यावर काही तासांत झालं तर टाकी गेली खड्ड्यात, घरातल्या सगळ्यांनी बाहेर यायचं आणि सरळ जिल्ह्याच्या दवाखान्यात. डॉक्टरांना "मासे पाळतो" सांगू नका, "समुद्री कोरल, पॅलिटॉक्सिनची शंका" असं कागदावर लिहून द्या. आपल्याकडे कुठल्या डॉक्टरला हे रोज दिसणार?

पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या येतात? हात लगेच बाहेर काढा, मेन स्विच पाडा, मगच पिना काढा. खाऱ्या पाण्यात वीज विहिरीच्या पाण्यापेक्षाही सहज धावते. बहुधा तडकलेला हीटर किंवा पंपाची उघडी वायर. मी दुकानात मेगर (वायरची गळती तपासायचं मीटर) लावून शोधतो, तुम्ही घरी शोधू नका. वायरमनला बोलवा, टाकीच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या आणि अर्थिंग तपासायला सांगा. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो आणि नुसती तार उरते. त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायचं काम मात्र तुमचं.

चिलर (टाकीचं पाणी थंड करायचं यंत्र) चालू आहे पण थंड करत नाही: मागची जाळी पुसा, त्याची गरम हवा त्याच खोलीत कोंडत नाही ना ते बघा, स्टॅबिलायझर लावा. पुढे गॅस आणि कॉम्प्रेसर हे फ्रिज-एसीच्या मेकॅनिकचं काम. काचेच्या जोडातून पाणी पाझरतंय तर सिलिकॉनचं बोट फिरवून काही होत नाही. टाकी रिकामी करून काच कापणाऱ्याकडेच जाते.

वाळू उकरल्यावर सडक्या अंड्याचा वास आला, किंवा एका रात्रीत निम्मं मेलं, तर उपाय करत बसू नका. जिवंत आहे ते नव्या मीठपाण्याच्या बादलीत, हवा आणि पंख्याखाली हलवा, आणि मग एखाद्या अनुभवी माणसाला फोन करा.

मला फोन करायचा असेल तर हे लिहून ठेवा: रेघेपासून पाणी किती बोटं खाली आहे, सकाळी सहाला खारटपणा किती, दुपारी तीनला तापमान किती, भरायच्या पाण्याचा टीडीएस किती, आणि गेल्या आठ दिवसांत घरात काय फवारलं. आणि विहिरीचं पाणी टाकलं असेल तर तेही सांगा. भाचा आता बारावीला आहे, अजून सगळ्या पाहुण्यांसमोर त्याला त्यावरून चिडवतो आम्ही, पण तुम्हाला काही म्हणणार नाही.